रेजच्या रायफलीला चार भोकं

१

रिमू फ्लॅट गावातल्या माजी सैनिक क्लबात शेकोटीवरच्या भिंतीला चोवीस वर्षं टांगलेली रायफल त्या शनिवारी सकाळी बिलियर्डच्या टेबलावर आडवी पडली होती. तिच्या पोलादी बॉडीला, डाव्या अंगाला, चार भोकं होती. भोकांत पितळी स्क्रू बसवून वरून कानशीने सपाट केलेले. पण उघड्या पोलादात पिवळं पितळ लपणार कसं?

"शिकारीच्या दुर्बिणीचं माउंट बसवायला पाडतात, तसली भोकं ना ही?" क्लबचा अध्यक्ष बॅझिल क्रॉफ्टन याने विचारलं. लढाईत कॅप्टन होता, आणि लढाई संपली हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"तसलीच," इडा हॅलिगन म्हणाली.

"आणि पोलादाला भोक पाडून त्यात आटे काढायची हत्यारं गावात कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग?"

इडा एकसष्ट वर्षांची. पुरुष लढाईवर गेले तेव्हा ड्युनेडिनच्या लष्करी वर्कशॉपात रायफली दुरुस्त करायला शिकली, आणि पुरुष परत आले तरी तिने हातातली कानस खाली ठेवली नाही. गावातल्या निम्म्या जुन्या थ्री-नॉट-थ्रींना तिनेच दुर्बिणी बसवल्या होत्या. पण टेबलावरची ही थ्री-नॉट-थ्री वेगळी होती. तिचा मालक होता रेज प्रॉसर, इडाचा धाकटा भाऊ. त्रेचाळीस साली इटलीत सांग्रो नदीच्या काठी तो पडला. 'जागच्या जागी मृत्यू, यातना झाल्या नाहीत,' असं पत्र आलं होतं. पुढे एक्कावन्नमध्ये रेजचा जिवलग सिरिल टेट ही रायफल घेऊन तिच्या आईकडे गेला. लष्कराच्या गोदामात अडकली होती, शोधून सोडवली, म्हणाला. पुढच्या लाकडावर, हात धरायच्या जागी, 'आर. पी.' अशी दोन अक्षरं चाकूने कोरलेली होती. आई चार वर्षं त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. ती गेल्यावर रायफल क्लबात आली.

"डरकाळीचा मोसम आहे," बॅझिल म्हणाला. एप्रिलमध्ये रानातली नर हरणं माद्यांसाठी ओरडतात, तेव्हा अख्खा गाव बंदूक खांद्याला लावून डोंगरात असतो. "कुणा हौशी पोराला युद्धातल्या रायफलीने हरीण मारायची हुक्की आली, तू दुर्बीण बसवून दिलीस आणि नंतर भोकं बुजवलीस. त्याचं नाव सांग."

"माझ्या भावाच्या रायफलीला मी भोकं पाडीन, बॅझिल?"

"मंगळवारी चारला कमिटी बसते आहे. तोवर नाव कळलं नाही, तर मला पोलिसांना लिहावं लागेल. तुझा परवाना जाईल. आणि बुधवारी, अँझॅकच्या दिवशी, लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाला रेजचं पुष्पचक्र दुसरं कुणीतरी ठेवील."

"सिरिलला विचार. दरवर्षी अँझॅकच्या आधी तोच ती घरी नेतो, तेल देतो, काळा लष्करी रंग लावतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देतो का तो?"

"सिरिल क्राइस्टचर्चच्या इस्पितळात आहे, माहीत आहे तुला." माहीत होतंच. सिरिलचा उजवा डोळा कॅसिनोच्या लढाईत गेला, तिथे काचेचा बसवलाय. उरल्यासुरल्या डाव्यात मोतीबिंदू पिकला होता, त्याचं ऑपरेशन होतं. "म्हणून तर यंदा हे उघडं पडलं. भाऊ म्हणतेस, इडा, पण चोवीस वर्षांत ही रायफल तू एकदा तरी हातात घेतलीस का?"

घेतली नव्हती. तिच्याने घेववली नव्हती.

२

बॅझिल गेल्यावर तिने क्लबचा रखवालदार नोएल याला गाठलं. नोएल टेबलाखालचा केर काढण्याचं नाटक करत होता.

"नोएल, इकडे बघ. रंग कुणी काढला?"

"मिसेस हॅलिगन, शपथेवर सांगतो, भोकं मी नाही..."

"भोकं नाही विचारत. रंग विचारतेय."

"सिरिल नाही, तर आपणच चकाचक करावी म्हटलं. लाकूड उतरवलं आणि लोखंड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं." नोएलचे कान लाल झाले. "मला वाटलं, कॅप्टन शाबासकी देतील."

"दिली का?"

"दिली की, चांगली दहा मिनिटं देत होते."

इडाला हसू आलं. बॅझिलची शाबासकी बाहेर पेट्रोल पंपापर्यंत ऐकू गेली असणार. "रंग कसा निघाला, आठवतंय?"

"कांद्यासारखा. एका थराखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. वीसेक तरी थर होते."

"आणि स्क्रूंवर?"

"स्क्रूंवर पण. सगळीकडे सारखाच. शेवटचा थर सुटला तेव्हा कुठे पिवळं दिसलं."

"हे कॅप्टनला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. ते बोलत होते."

इडाने खिशातून पेचकस काढला आणि पहिल्यांदाच भावाच्या रायफलीवर हात ठेवला. लाकूड गार होतं. दोन अक्षरांकडे तिने बघायचं टाळलं. स्क्रूची खाच कानशीने जवळजवळ पुसली गेली होती. तिने ती बारीक करवतीने उकरली, आणि दातओठ खाऊन पिळल्यावर एक स्क्रू निघाला. आत जुनं ग्रीस होतं, वाळून डिंकासारखं कडक झालेलं. चार-सहा वर्षांत ग्रीस असं होत नाही. या डरकाळीशी या भोकांचा काहीएक संबंध नव्हता.

चार भोकांच्या जागा तिने कार्डबोर्डवर उतरवून घेतल्या आणि स्क्रू रुमालात बांधला. निघता निघता तिची नजर पुन्हा लाकडावर गेली. सर्वांत खालची दोन भोकं लाकडाच्या कडेला इतकी चिकटून होती, की तिथे माउंटची पट्टी बसवायची तर लाकूड तासावंच लागलं असतं. लाकूड मात्र अखंड होतं. आणि त्याच लाकडावर, थोडं पुढे, कोरलं होतं, 'आर. पी.'

ती दारात थांबली.

३

रविवारभर इडा वर्कशॉपात डबे उपसत बसली. स्क्रूचे आटे तिच्या आटे पाडायच्या एकाही टॅपशी जुळेनात. पंधरा-वीस वर्षं सगळे अमेरिकन आट्यांचे स्क्रू वापरत होते, तीही. हा स्क्रू त्यांतला नव्हता. दुपारी तिने माळ्यावरचा आईचा रेडिओ खाली काढला. रेज असताना या रेडिओभोवती घर बसायचं. रेज बातम्या देणाऱ्याची इतकी हुबेहूब नक्कल करायचा, की वडील एकदा त्याला 'बंद कर' म्हणून ओरडले आणि खरा रेडिओ बंदच होता. इडाने पाठीमागचा पत्रा सोडवला. त्यातला छोटा पितळी स्क्रू आणि रुमालातला स्क्रू शेजारी शेजारी धरले. आटा न् आटा जुळला.

लढाईनंतरची ती वर्षं तिला आठवली. बाहेरून काही येत नसे. बिजागरी तुटली तर कुंपणाची तार, पट्टा तुटला तर कुंपणाची तार. सगळा देश तारेवर आणि जुगाडावर चालायचा. तेव्हाच कुणीतरी रेडिओचे स्क्रू वापरून रायफलीला दुर्बीण बसवली होती.

"आहेस का, आत्या?" दारातून हाक आली. हेमी होता. हेलिकॉप्टरच्या उघड्या दारातून हरणं मारणारा, माओरी वस्तीतला, तोंडाचा पट्टा अखंड सुरू. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हरणाच्या मांसाचा तुकडा होता. "गावात बोलतायत की तू क्लब लुटलास. म्हटलं, तुरुंगात जायच्या आधी जेवून जा."

"तुझंच नाव सांगणार आहे मी. शिकार कोण करतं? तूच."

"सांग. पण मला दुर्बीण कशाला हवी? मी हेलिकॉप्टरातून हरणाच्या मिश्या मोजतो." त्याने कार्डबोर्ड उचलून उजेडात धरला. हळूहळू त्याची थट्टा थांबली. "चार? माउंटला तीन पुरतात ना?"

"तेच माझ्या डोक्यात घोळतंय."

"आमचे बाबा सांगायचे, लढाईनंतर वरच्या खोऱ्यात सरकारी शिकारी असायचे. हरणं माजली होती, तर त्यांना मारायला नेमलेले. सहा-सहा महिने माणूस खाली यायचा नाही. त्यात एकजण डोकं तिरकं करून नेम धरायचा, कोंबडी दाणा बघते तसं. बाबा त्याची नक्कल करायचे आणि आम्ही पोटं धरून हसायचो."

"नाव?"

"नाव नव्हतं ठाऊक त्यांना. लांबून बघितलेला. पण मारायचा बरोब्बर, म्हणायचे."

हेमी गेल्यावर तिने कार्डबोर्ड बाकावर पसरला. मग तिने पत्रा कापायची कात्री काढली.

४

सोमवारी सकाळी तिने दुसऱ्या एका थ्री-नॉट-थ्रीच्या बॉडीवर कार्डबोर्डच्या जागा खुणावल्या आणि पत्र्याची पट्टी शिकंज्याने आवळून बसवली. ती लांब आणि रुंद होती. एवढी दांडगी पट्टी आणि चार स्क्रू कधी लागतात? दुर्बीण बंदुकीच्या डोक्यावर असेल तर नाही. ती बाजूला, बाहेर लटकत असेल तरच. वजन जितकं बाहेर, तितकी पकड भक्कम हवी. तिने डाव्या अंगाला तीन बोटं बाहेर एक जुनी दुर्बीण बांधली, रायफल उजव्या खांद्याला लावली, गाल लाकडावर टेकवला.

उजव्या डोळ्याला नुसतीच नळीची कड दिसली. तिने मान इकडे केली, तिकडे केली. काही नाही.

"मूर्ख मिस्त्री," ती पुटपुटली. कोण असली दुर्बीण बसवील? मग तिला हेमीच्या बापाची कोंबडी आठवली. तिने उजवा डोळा मिटला आणि डोकं किंचित तिरकं केलं.

खिडकीपलीकडचं सफरचंदाचं झाड डाव्या डोळ्यासमोर स्वच्छ उभं राहिलं, पानापानासकट.

लहानपणापासून उजव्या खांद्यावर बंदूक धरायची सवय आणि बघायला डावाच डोळा. असा माणूस साध्या लोखंडी साइटने नेम धरूच शकत नाही. त्याला अशी बाहेर लटकणारी दुर्बीणच हवी. आणि असा माणूस रिमू फ्लॅटमध्ये एकच होता. इडाने रायफल खाली ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसून रडली.

५

सिरिल टेट मंगळवारी दुपारच्या बसने परतला. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा काचेचा. पावलं मोजत तो आपल्या स्वयंपाकघरात फिरत होता. इडाने त्याच्या हातून किटली काढून घेतली.

"चहा मी करते. बस."

"आवाजावरूनच कळलं," तो म्हणाला. "बॅझिलने बसस्टँडवर सगळं सांगितलं. आज तुझी कमिटी आहे."

"चार वाजता. सिरिल, लढाईत तू सिग्नलवाला होतास. रेडिओचे स्क्रू तुझ्याकडे डबाभर असायचे."

सिरिल चाचपडत खुर्चीवर बसला.

"भोकं या वर्षीची नाहीत. रंगाच्या वीसेक थरांखाली होती, आत डिंक झालेलं ग्रीस आहे. दुर्बीण डाव्या डोळ्यासाठी बसवली होती, उजव्या खांद्यावरून. लढाईनंतर तू सहा वर्षं वरच्या खोऱ्यात सरकारी शिकारी होतास. मी तेव्हा ड्युनेडिनला होते, तुझी रायफल मी कधी बघितली नाही. दरवर्षी तू तिला रंग का फासायचास, ते आता समजलं. पितळ दिसू नये म्हणून."

"चहात साखर दोन," सिरिल म्हणाला.

"त्या पट्टीसाठी लाकूड तासायला लागलं असणार. आता आहे ते लाकूड अखंड आहे, म्हणजे नंतर चढवलंय. आणि रेजची अक्षरं त्या नंतरच्या लाकडावर आहेत." तिने कपात दोन चमचे साखर टाकली. "ती रेजने कोरली नाहीत, सिरिल. तू कोरलीस. ही रायफल रेजची नाहीच. तुझी आहे."

किटली शिट्टी वाजवू लागली. इडाने चहा करून कप त्याच्यापुढे ठेवला.

"ती दिल्यावर मी रानात गेलो नाही," शेवटी तो म्हणाला. "दुसरी घेऊन तसली दुर्बीण पुन्हा लावायचा धीर झाला नाही. मग सॉ मिलमध्ये लागलो."

"का केलंस? आईला सरळ सांगायचंस, मिळाली नाही म्हणून."

"नाही मिळाली. एवढंच धर." त्याने चाचपडत कप शोधला. "तुझा परवाना जाऊ देऊ नकोस, इडा. सांग त्यांना."

आईचं बोट त्या अक्षरांवरून फिरताना इडाला दिसत होतं. आई त्यांना रेजचं अक्षर म्हणायची. "त्याचा 'आर' नेहमीच वाकडा," म्हणून हसायची. गावाने चोवीस वर्षं त्या रायफलीसमोर टोप्या काढल्या होत्या. सांगायचं म्हणजे आईचं ते हसणंसुद्धा खोटं ठरवायचं.

"चार वाजत आले," ती म्हणाली आणि निघाली.

६

कमिटीत सहा माणसं होती; हेमी आणि नोएल बारच्या कडेला उभे. इडाने रंगाचे थर सांगितले, नोएलने मान हलवली. तिने रेडिओचा स्क्रू दाखवला. भोकं पंचवीस वर्षांहून जुनी आहेत, हे बॅझिललाही मान्य करावं लागलं.

"म्हणजे रायफल क्लबात यायच्या आधीची. मग पाडली कुणी?"

"मला माहीत आहे."

"नाव?"

"सांगणार नाही."

"इडा, पंचेचाळीस साली तू लष्करी वर्कशॉपात होतीस. रायफल गोदामात, तू गोदामाशेजारी. लोक काय म्हणतील? नाव सांगत नसशील, तर परवान्याचं मला लिहावंच लागेल."

इडाने पर्स उघडली, परवान्याचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. या कागदावर चालणाऱ्या कामावाचून तिला दुसरं काही येत नव्हतं.

"उचल तो," दारातून आवाज आला. पट्टी बांधलेला सिरिल काठीने उंबरा चाचपत होता. नोएल धावला, सिरिलने त्याला बाजूला सारलं. "सगळे आहेत का? मला दिसत नाही. बॅझिल आहेस?"

"आहे."

"भोकं मी पाडली. रायफल माझी आहे. रेजची म्हणून मीच त्याच्या आईला दिली."

सिरिल डोकं तिरकं करून ऐकत होता.

"मग त्याची कुठे आहे?" बॅझिलने विचारलं.

"सांग्रो नदीत."

"तू तिथे होतास?"

"मीच टाकली. त्याची आणि माझी, दोन्ही."

"रायफल टाकून आलास?" बॅझिल उभा राहिला होता. शिपायाने रायफल टाकणं म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोनच हात होते, बॅझिल. रायफली तरी, नाहीतर रेज तरी."

इडाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "पण पत्रात होतं... जागच्या जागी, असं होतं."

"पत्र मीच सांगून लिहून घेतलं. तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून." सिरिलने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "परत आलो तर दर रविवारी ती विचारायची, 'त्याची रायफल कुठे रे ठेवलीस?' टाकली म्हटलं असतं तर का टाकली ते सांगावं लागलं असतं. त्याला पाठीवर घेतलं म्हटलं असतं, तर जिवंत होता हे कळलं असतं. मग तिने विचारलं असतं, किती वेळ. त्यापेक्षा रायफल दिलेली बरी, असं वाटलं."

बॅझिल खाली बसला. त्याने टेबलावरचा परवाना उचलला, नीट घडी केली आणि इडाच्या पर्समध्ये ठेवला. "उद्या पुष्पचक्र दोघांनी मिळून ठेवायचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हा हुकूम आहे."

इडाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सिरिलपाशी गेली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"किती वेळ?"

"नको, इडा."

"आईने विचारलं नाही. मी विचारतेय. किती वेळ?"

"चार तास. उजाडलं तेव्हा गेला."

"बोलला काही?"

"बोलला? गप्प बसेल तो रेज कसला! सगळा वेळ मला शिव्या. 'सिरिल, बटाट्याचं पोतं नाही मी, जरा हळू. आमची बटरकप तुझ्यापेक्षा सरळ चालते.'"

इडाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यातच हुंदका आला. बटरकप त्यांच्या घरची गाय होती. एका पायाने लंगडी, आणि रेजशिवाय कुणाला दूध काढू द्यायची नाही. छत्तीस वर्षं इडाचा भाऊ एका पत्रातल्या ओळीवर थांबलेला होता. आता तो चार तास आणखी जगला होता, तेही बडबड करत.

"अजून?" ती म्हणाली. "अजून काय म्हणाला? चारही तास सांग."

हेमीने खुर्ची ओढून सिरिलच्या मागे लावली. बॅझिलने उठून क्लबचं दार आतून लावून घेतलं, आणि सिरिल पहिल्यापासून सांगू लागला.